नमुना घरातली मेणाची बाई

१

सोमवारी सकाळी इझबेलनं नमुना घराचं कुलूप उघडलं, तेव्हा घरातली बाई चहाच्या कपात नाक घालून पडलेली होती.

मागे फेमी उभी होती, बगलेत पाटी, तोंडात स्कोनचा, म्हणजे छोट्या गोडसर पावाचा, अर्धा तुकडा. स्कोन तिथेच थांबला. बाई मेणाची होती हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. रोज शाळेआधी तिच्या नाकावरची धूळ झटकायचं काम त्यांचंच होतं. तरीसुद्धा दोघी उंबऱ्यातच थबकल्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत ही बाई खिडकीशी ताठ बसून टॉरीबर्नच्या चिखलाकडे बघत गोड हसत होती. आता तिची मानच उरली नव्हती. मानेच्या जागी मेणाचा एक लोळ पाठीवरून ओघळून झग्याच्या कॉलरवर थिजला होता.

न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या टेकड्यांत, स्कॉटलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या आमच्या या टॉरीबर्न गावात, अठराशे बाहत्तर सालच्या एप्रिलात याहून मोठी घटना घडायला वावच नव्हता.

घर लंडनच्या एका कंपनीचं. पन्हळी पत्र्याच्या भिंती जहाजातून आल्या, प्रत्येक तुकड्यावर आकडा आणि सोबत उभारणीचा नकाशा. वसाहतीतल्या लोकांनी आत यावं, हरखून जावं आणि दिसेल ते मागवावं, एवढ्यासाठी ते गावाच्या रस्त्यावर थाटलं होतं. शेफील्डच्या सुऱ्या, मँचेस्टरचे पडदे, फुलाफुलांच्या कपबश्या. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे बिडाची चूल, दारावर ‘वसाहतीचा अभिमान’ अशी अक्षरं ओतलेली. आजच दुपारी ती सगळ्या गावासमोर पेटणार होती. कंपनीचे एजंट पेटिफरसाहेब स्वतः तिच्यात स्कोन भाजणार होते.

"कुणी केलं गं हे?" फेमीनं कुजबुजत विचारलं.

इझबेल तिथेच वळली. तिची नजर खिडकीवर होती. खिडकीचा पडदा वर गुंडाळलेला होता. खिडकीच्या फळीवर मेणाची सफरचंदं आणि द्राक्षं नेहमीसारखी टवटवीत बसली होती.

"फेमी," ती म्हणाली, "मला वाटतं, मी केलं."

२

पेटिफरसाहेब आले, बाईकडे एकदा बघितलं, आणि जणू तयारच होतं अशा झपाट्यानं तिच्यावर चादर टाकली.

"ऊन," ते म्हणाले. "कालचं अख्ख्या दिवसाचं ऊन सरळ या खिडकीतून तिच्यावर पडलंय. मिस लॉरी, पडदा खाली ओढून जा म्हणून तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

"रोज सांगत होता, साहेब," इझबेल म्हणाली. "शनिवारी मी विसरले."

ती खोटं बोलूच शकत नसे, हीच तिची पंचाईत. फेमीच्या बाबांच्या दुकानात ती काम करी, त्यांच्याच घरी राही. आईबाप जहाजावरच्या तापात गेलेली, फेमीची मावसबहीण. वयानं फेमीहून दोन वर्षांनी मोठी, पण अक्षर असं की पाद्रीसाहेब डनबार तिला शाळेत धाकट्या मुलांची शिक्षिका नेमायचं म्हणत होते. मंगळवारी दुपारी शाळा समितीची बैठक होती. आणि डनबारसाहेबांना शिक्षिका कशी हवी होती? दिलेलं काम डोळ्यांत तेल घालून करणारी.

"मला हे पाद्रीसाहेबांच्या कानावर घालावंच लागेल," पेटिफर म्हणाले. "आजचा चुलीचा कार्यक्रम रद्द. माझं मन नाही. मात्र ज्यांना चूल हवी त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत सह्या कराव्यात. बुधवारच्या घोडागाडीनं कागद बंदराकडे जातील."

त्यांनी दार लावून घेतलं. जाता जाता फेमीला चुलीवर पितळी किटली चमकताना दिसली, आणि तिच्या डोक्यात कुठेतरी बारीकसं खुट्ट झालं. किटली तर रोज टेबलावर, बाईच्या उजव्या हाताशी असते ना?

"तू रडत का नाहीयेस?" शाळेच्या वाटेवर तिनं इझबेलला विचारलं.

"चूक माझी आहे. रडून काय करू?"

"पडदा वर ठेवला म्हणून बायका वितळायला लागल्या, तर निम्मं गाव वितळेल."

इझबेल हसली नाही. फेमीनं त्याच क्षणी मनाशी ठरवलं की याचा छडा आपण लावायचा. कसा, ते तिला अजिबात माहीत नव्हतं. पण गेल्या महिन्यात तिनं वर्गात उभं राहून मास्तरांचं गणित चुकल्याचं दाखवलं होतं आणि तरीही आकाश कोसळलं नव्हतं. तेव्हापासून तिला बऱ्याच गोष्टी जमण्यासारख्या वाटू लागल्या होत्या.

३

मेणाच्या बाईचा जाहीर शत्रू गावात एकच होता. टॉशबाई.

टॉशबाई विधवा, कोंबड्या पाळणाऱ्या, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या. नमुना घराला त्या ‘मूर्तीचं देऊळ’ म्हणत. ‘असली बाहुली चुलीत घालायला हवी,’ हे त्यांनी भर दुकानात, साबण घेता घेता म्हटलं होतं. फेमी अंडी आणायच्या निमित्तानं मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे गेली.

"ऐकलंत का, टॉशबाई? बाई वितळली."

"ऐकलं. देव बघत असतो."

"तुम्ही तिला बघितलं होतंत कधी?"

"मी?" टॉशबाईंनी अंडं असं उचललं की फेमी मागे सरली. "त्या घराचा उंबरा मी चढलेली नाही. तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. आपल्या बायका इथं धुण्याच्या पिंपात कोपरापर्यंत बुडालेल्या, आणि ही बया टोपीत तीन तीन पिसं खोचून चहा पिणार. नखरे नुसते."

फेमीनं अंडी टोपलीत ठेवली. अगदी सावकाश ठेवली, कारण तिचं डोकं भराभर चाललं होतं.

"टॉशबाई, पिसं शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं आली. इझबेलनं दिवे लागायच्या वेळी ती टोपीत लावली, मी आरसा धरला होता. आणि सोमवारी सकाळी साहेबांनी बाईवर चादर टाकली. मग तीन पिसं तुम्हाला दिसली कधी?"

टॉशबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मधे उरला होता तो फक्त रविवार. आणि रविवारी अख्खं टॉरीबर्न सकाळपासून दुपार उलटेपर्यंत टेकडीपलीकडच्या चर्चमध्ये असतं. दोन प्रवचनं, मधे थोडी सुट्टी, शनिवारी करून ठेवलेलं गार जेवण. त्या दिवशी गावात कुणी चूलसुद्धा पेटवत नाही.

"मी देवाच्या इशाऱ्याबद्दल तुझ्याशी बोलणार नाही, पोरी," टॉशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "जा. अंडी फुकट ने."

टॉशबाईंनी आजवर कुणाला एक अंडं फुकट दिलेलं नव्हतं. आणि इशारा कसला?

४

शाळा सुटल्यावर फेमी मटणाच्या सूपचा डबा घेऊन साहेब उतरले होते त्या खाणावळीत गेली. पेटिफरसाहेबांना म्हणे रविवारी सर्दी झाली होती, म्हणून ते दिवसभर अंथरुणात होते. चर्चला तर ते तसेही येत नसत. ते इंग्लंडचे, त्यांचा पंथ निराळा. आता सर्दीचं नाव नव्हतं. ते खिडकीशी बसून नखं कोरत होते. नखांत काळं होतं, चुलीला लावायच्या पॉलिशसारखं.

"साहेब, इझबेलला माफ करा ना. ती फार विचार करते."

"माझ्या हातात असतं तर केलं असतं, बाळ." आवाज मऊ होता. ते मनापासून दुष्ट नव्हते. नुसते घाबरलेले होते, पण हे फेमीला नंतर कळलं. "पण नकाशात स्पष्ट लिहिलंय. घराचं तोंड दक्षिणेला ठेवा, म्हणजे बैठकीच्या खोलीत दिवसभर ऊन राहील. घर बनवणारे काय वेडे आहेत? भर दुपारी त्या खिडकीत ऊन कसं धो धो येत असेल, तूच सांग."

"तुम्ही बघितलंत, दुपारी?"

"दुपारी मी घोड्यावर असतो. शेताशेतांतून हिंडून सह्या कोण गोळा करणार?"

सांगण्यात कुठे खोट दिसेना. फेमी वैतागून निघाली. वारा बोचरा होता. नमुना घराजवळ ती मागच्या बाजूनं आली आणि सवयीनं पत्र्याला टेकली, दोन्ही तळवे चिकटवून. पत्रा छान ऊबदार होता. घरी आईसुद्धा धुणं अशाच मागच्या बाजूच्या दोरीवर टाकायला लावायची. पुढच्या दोरीवर टाकलं तर ‘तुला काय आठवडाभर ओले मोजे घालायचेत?’ म्हणून ओरडायची.

मग ती वळसा घालून पुढे आली आणि तिनं तेच तळवे पुढच्या भिंतीला लावले.

गार. पायरीवर हिरवं शेवाळ, पायाखालचं गवत अजून सकाळच्या दवानं ओलं.

ती तिथेच उभी राहिली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. ती इथंच जन्मली होती. सोळा वर्षं रोज दुपारी उत्तरेला, कोळशाच्या खाणीच्या टेकडीवर सूर्य बघत आली होती. विषुववृत्ताच्या खालच्या या देशात दुपारचा सूर्य दक्षिणेला जातच नाही. या ऋतूत दक्षिणेच्या खिडकीत ऊन येणंच शक्य नव्हतं. आणि लंडनहून आलेला एक माणूस कोटाच्या खिशात हात घालून ‘ऊन’ म्हणाला, तर अख्ख्या गावानं मान डोलावली. तिनंसुद्धा.

मग मेण कशानं वितळलं?

५

"चुलीनं," रात्रीच्या जेवणाची ताटं उचलता उचलता ती बाबांना म्हणाली. इझबेल कोंबड्या कोंडायला बाहेर गेली होती. "बाईची पाठ चुलीकडे होती, बाबा. वितळली ती पाठ. समोरचे हात, चेहरा, सगळं शाबूत. आणि खिडकीतली फळं तर जशीच्या तशी. ऊन आलं असतं, तर आधी तीच गेली असती ना?"

बाबा, अँड्र्यू गिलख्रिस्ट, पाइप भरत होते. त्यांचा अंगठा थांबला.

"पुढे?"

"लोक महिनाभर विचारतायत, आपल्या खाणीचा तपकिरी कोळसा या चुलीत जळेल का. साहेब म्हणतात, साम्राज्यातला कुठलाही जळेल. पण सगळ्यांसमोर पेटवायच्या आधी त्यांनी स्वतः एकदा करून बघितलं असणार. रविवारी. गावात धूर बघायला कुणी नसतं तेव्हा. आणि काहीतरी बिघडलं. ते झाकायला किटली टेबलावरून चुलीवर गेली, नवं पॉलिश लागलं. कार्यक्रम तर रद्द करायलाच हवा होता. त्याला कारण मिळालं, वितळलेली बाई. आणि बाईला कारण मिळालं, इझबेल."

बाबांनी पाइप न पेटवताच खाली ठेवला.

"या चुलीसाठी मी दारोदार फिरलोय, फेमी," शेवटी ते म्हणाले. "लोकांनी सह्या केल्या त्या कंपनीचं नाव वाचून नव्हे. माझं तोंड बघून. ‘अँड्र्यू म्हणतो तर चांगलीच असेल.’ उद्या चूल फुटकी निघाली, तर माझ्या दुकानात मीठ घ्यायला तरी कोण येईल?"

"आणि नाही सांगितलं, तर इझबेलचं काय होईल?"

"बुधवारपर्यंत गप्प बस," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

फेमी ताटं धुवायचं विसरून गेली. आपले बाबा असं काही बोलू शकतात, हे तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

६

ती गप्प बसली नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत ती सरळ पाद्रीसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि भर दुपारी नमुना घरासमोर माणसं जमली. डनबारसाहेब काळ्या कोटात. पेटिफर किल्ली घेऊन, कपाळाला आठ्या घालून. इझबेल मान खाली घालून. मागे टॉशबाई, कारण जिथे गर्दी तिथे त्या. सगळ्यात शेवटी दुकानाचा एप्रन तसाच बांधलेले बाबा आले आणि बाजूला उभे राहिले.

"साहेब," फेमी म्हणाली. आवाज थोडा चिरकला, पण तिनं तो तसाच पुढे रेटला. "बाईवर ऊन कुठून पडलं, ते जरा हात करून दाखवता?"

"हा काय पोरखेळ आहे? हे काय, समोरून." पेटिफरनी हात उचलला.

समोर दक्षिणेचे डोंगर होते आणि वर निळंशार, रिकामं आकाश. हात तसाच राहिला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घराची सावली सगळ्यांच्या अंगावरून जाऊन रस्त्यावर पडली होती. सूर्य घराच्या पाठीमागे होता.

सगळ्यांनी छपराकडे मान वळवली. मग डनबारसाहेब सावकाश म्हणाले, "मी इथं दोनदा चहा घेतला. दोन्ही वेळा कोट काढला नाही. म्हटलं, पत्र्याचं घर, गारच असायचं." त्यांनी पेटिफरकडे पाहिलं. "दार उघडा."

आत फेमीनं बाईवरची चादर ओढली, पाठ दाखवली, मग खिडकीतली द्राक्षं. "चूल पेटली होती," ती म्हणाली. "रविवारी."

"पुरावा?" पेटिफर ओरडले. "रविवारी मी आजारी होतो. खाणावळवाल्याला विचारा."

"खाणावळवाला चर्चमध्ये होता."

"मग कुणीच बघितलं नाही ना?"

फेमीनं टॉशबाईंकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. बाहेर घोडा फुरफुरला.

"मी बघितलं," टॉशबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"दोन प्रवचनांच्या मधे मी निघून आले, पाद्रीसाहेब. कोंबड्यांसाठी नव्हे. तिची टोपी बघायला. खिडकीला नाक लावून उभी होते मी, परमेश्वराच्या दिवशी." त्यांनी शालीचं टोक मुठीत आवळलं. "धुरांड्यातून धूर येत होता. आणि आत काहीतरी फाडकन तडकलं, बंदुकीसारखं. मला वाटलं, तो मलाच इशारा आहे. मी पळाले."

"एका म्हाताऱ्या बाईचं ऐकून—" पेटिफरनी सुरुवात केली.

"अहो, जरा थांबा." हे बाबा होते.

ते चुलीपाशी गेले. किटली उचलून त्यांनी टेबलावर ठेवली. एप्रनचं टोक हातात घेतलं, आणि क्षणभर तसेच उभे राहिले. दारातून अर्धं गाव बघत होतं. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी बसून त्यांनीच चहा घेतला होता, त्यांनीच चुलीची तारीफ केली होती. फेमीला वाटलं, ते मागे फिरणार. तिला तसं वाटलं, याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

बाबांनी जोर लावून पुसलं. काळं पॉलिश निघालं, आणि खालून जाळाच्या तोंडापासून मागच्या कडेपर्यंत गेलेली भेग उघडी पडली. बोटाचं नख आत शिरेल एवढी रुंद.

"आपला कोळसा ओला," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. "धड पेटत नाही. म्हणून यांनी वर लाकडं कोंबली असणार. इंग्लंडच्या कोळशासाठी ओतलेलं पातळ बीड ते, त्याला हा जाळ कसा सोसणार?" मग ते दाराकडे वळले. "मंडळी, ज्यांनी ज्यांनी माझ्या शब्दावर सही केली, त्यांनी ती काढून घ्या. चूल पेटवून न बघता मी ती तुमच्या गळ्यात मारत होतो."

पेटिफर खुर्चीत बसले, मेणाच्या बाईसमोरच. "मला तिकडून लिहून आलं होतं," ते बारीक आवाजात म्हणाले. "ऑर्डरी नाही मिळाल्या तर परतीचं तिकीटसुद्धा मिळणार नाही." त्यांनी इझबेलकडे पाहिलं. "त्या खिडकीत ऊन येतं असं मला खरंच वाटलं होतं हो. म्हणजे, चूल मी पेटवली, तरी पडदा वर होता, तर उन्हानंही ती..."

"हो ना," इझबेल म्हणाली. "मलाही वाटलं होतं."

७

बुधवारच्या घोडागाडीनं पेटिफर एकटेच गेले. बाबा पुन्हा दारोदार फिरले, या वेळी सह्या खोडायला. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काही घरांत दार अर्धंच उघडलं. हिवाळाभर दुकान ओसच होतं. टॉशबाई पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसल्या, टोपीत कोंबडीची तीन पिसं खोचून, आणि त्यांच्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.

समितीनं इझबेलला नेमलं. पण सोमवार-मंगळवारचे ते दोन दिवस तिच्या मनातून गेले नव्हते.

"मी स्वतः तो पडदा रोज ओढायचे," एकदा ती फेमीला म्हणाली. "महिनाभर. हात गारठायचे माझे तिथं. तरी साहेब म्हणाले आणि मी मानलं. माझ्याच हातांचं मी ऐकलं नाही."

"मीसुद्धा मानलं की एक दिवसभर," फेमी म्हणाली.

शाळेतला इझबेलचा पहिला धडा भूगोलाचा होता. पुस्तक एडिंबरात छापलेलं. फेमी वरच्या वर्गात, पण त्या दिवशी पाट्या वाटायच्या बहाण्यानं ती दाराशीच घुटमळत राहिली. इझबेलनं वाचून दाखवलं: ‘भर दुपारी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या समोर दक्षिण दिशा असेल.’ मग पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं आणि सगळ्या मुलांना अंगणात नेलं.

मुलं सूर्याकडे तोंड करून उभी राहिली. समोर खाणीची टेकडी होती. उत्तरेची टेकडी, प्रत्येकाचा बाप रोज तिकडे कामाला जायचा.

छोटी मोरॅग हॅमिल्टन डोळ्यांवर हात धरून बघत होती. मग तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग पुन्हा टेकडीकडे.

"बाई, पुस्तकात दक्षिण म्हटलंय."

"हो, म्हटलंय."

"पण ती खाण आहे. खाण उत्तरेला असते."

"मग?"

मोरॅगनं पायाच्या अंगठ्यानं गवत उकरलं. चुकीचं बोलले तर काय, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. फेमीच्या जिभेच्या टोकाशी उत्तर आलं होतं. इझबेलनं मान हलवून तिला थोपवलं. ती मोरॅगच्या शेजारी गवतात उकिडवी बसली, आणि पोरीला हवा तेवढा वेळ बघू दिलं.